तीन ठिपक्यांचा कागद

समजा, तुम्हाला घरच्या कॉम्प्युटरसाठी लेझर प्रिंटर घ्यायचा आहे. तुमचं गाव सावली या तालुक्याच्या ठिकाणापासून आठ किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांमध्ये. पावसाळ्यात कागद नुसत्या हवेने ओलसर होतो. शाईच्या प्रिंटरवर छापलेला अर्ज सदऱ्याच्या खिशात घालून माणूस सायकलने तहसीलला पोचला, की घामाने अक्षरं फुटलेली असतात आणि बाबू म्हणतो, दुसरा आणा. म्हणून लेझरच हवा. त्याची भुकटी तापून कागदाला चिकटते, पाण्याने जात नाही. दुकानात दोन यंत्रं समोर आहेत. एकाची भुकटी संपली की अख्खी डबी बदलायची. दुसऱ्यात नुसती भुकटी भरायची. अक्षर उमटवणारा ड्रम वेगळा, तो वर्षानुवर्षं चालतो. हा दुसरा वापरलेला आहे, स्वस्त आहे, पण त्याच्या ड्रमवर ओरखडा आहे. कोणता घ्याल?

माधवीने दुसरा घेतला.

"ओरखड्याने काय होते?" तिने चंद्रपूरच्या दुकानदाराला विचारलं होतं.

"डाव्या कडेले तीन ठिपके येतात, ताई. वाचायले काही त्रास नाई. ड्रम बदलाचा म्हनसान तं तेवढ्यात नवा प्रिंटर येते."

माधवीकडे कॉम्प्युटरची पदविका होती, आणि पान स्वस्त पडणं तिच्या लेखी महत्त्वाचं होतं. ठिपक्यांनी कोणाचं काय बिघडणार होतं?

वर्षभरात गावाचे सगळे अर्ज तिच्या खोलीतून जाऊ लागले. आईमागे घरात ती, वडील वामनराव आणि धाकटा भाऊ राजदीप एवढेच. समोरच्या खोलीत कॉम्प्युटर. माधवीचं काम चोख. नावातली एक वेलांटी चुकली तरी ती पान फाडून पुन्हा छापायची, त्यामुळे तिचा अर्ज कधी परत येत नसे. लोकांनी मात्र याचं श्रेय ठिपक्यांना दिलं. "ठिपके आहेत नं? मंग पास होते." पंचायतीची नोटीस आली तेव्हा गावातल्या लहानूबुवांनी ती उलटून-पालटून पाहिली आणि ठिपके नाहीत म्हणून परत केली. माधवीला हसू आलं. खरं सांगायचं तर आवडलंही. ड्रम बदलण्याइतके पैसे साठले तेव्हा वामनराव म्हणाले, "कायले बदलतं? सरकारचा जसा शिक्का, तसा हा तुया शिक्का." तिने ड्रम तसाच ठेवला.

मग श्रावणात गावात तापाची साथ आली. शेजारची सात वर्षांची रीना आजारी पडली. तिला वारलूबाबाने मुळी उगाळून दिली. हा म्हातारा गावाला पन्नास वर्षं जडीबुटी देत आला होता. तिसऱ्या दिवशी राजदीपने पोरीला मोटरसायकलवर दवाखान्यात न्यायला घेतलं, पण ती वाटेतच गेली. त्यानंतर वारलूबाबाच्या दाराकडे कोणी फिरकेना. तो हातपंपावर आला की बाया आपल्या पाण्याच्या घागरी उचलून बाजूला होत.

पोळ्याला चार दिवस होते. गुरुवारी सकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर एक कागद दिसला. 'वारलू करणी करतो. पोळ्याच्या आत गाव सोडावे. नाही तर गाव त्याला सोडणार नाही.' डाव्या कडेला तीन ठिपके.

माधवी धावत गेली. "हा म्या नाई छापला."

"तुयाच तं आहे, बाई," तिथे जमलेल्या बायांमधल्या इंदुताई म्हणाल्या. त्या आवाजात टोमणा नव्हता, उलट मायाच होती. "तुया कागद कधी खोटा निंगला का?"

घरी येऊन तिने कॉम्प्युटर उघडला. अलीकडच्या फायलींच्या यादीत तो मजकूर होता. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मंगळवारी दुपारी ती सावलीला होती. तिच्याशिवाय पासवर्ड फक्त घरातल्या दोघांना माहीत होता.

तिने यादी बंद केली आणि एक नवा कागद छापला. 'माधवी करणी करते. पोळ्याच्या आत गाव सोडावे.' पहिल्या कागदाशेजारी तो चिकटवून ती जमलेल्या लोकांना म्हणाली, "पाहा. मशीनले जे देलं ते छापते. ठिपके तं सगळ्याईवरच येतात. त्यानं कागद खरा होत नाई."

कोणी हसलं नाही. समाजमंदिराची किल्ली सांभाळणारा गोपाल पुढे आला.

"मंग माया घरकुलाचा कागद?"

"तो खरा आहे, गोपालभाऊ."

"कशावरून?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "वारलूच्या अंगणात ही लहानपणापासून बसते. दोघंबी करत असतीन."

दुपारी वारलूबाबा तिच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पोरी, एक कागद छापून दे मले. मी करणी करत नाई, असा. तुये ठिपके असले का लोकं मानतीन."

सकाळी भिंतीपाशी काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माधवीने कागद छापला. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला, आणि भुकटी अजून गरम होती म्हणून त्यावर फुंकर घातली.

शुक्रवारी सकाळी भिंतीवर तीन कागद होते. तिसरा मधोमध फाडलेला. वारलूबाबाच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. चूल थंड होती. तो कुठल्या वाटेने गेला, एकटा गेला की कोणाबरोबर, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान सांगितलं तरी कोणी नाही. माधवीने सावलीच्या पोलीस ठाण्यात फोन केला. तिकडून विचारलं, "तो पहिला कागद कोणाच्या प्रिंटरचा आहे?"

ती घरात आली. वामनराव आणि राजदीप जेवायला बसले होते. फोन दोघांनीही ऐकला असणार. तिने ताटात भात वाढला, वरण वाढलं. दोघांनी मान वर केली नाही. पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

मंगळवारी दुपारी तिच्या खुर्चीवर या दोघांपैकी कोण बसलं होतं?