प्राजक्ताचा डावा गुडघा

प्राजक्ता आता जमिनीवर कशी बसत असेल, हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. अकोल्याला, जठारपेठेतल्या तिच्या सासरी जेवणाची पंगत खालीच बसते. टेबलावर जेवलेलं तिच्या सासूला, गोदाबाईंना, चालत नाही. फोनवर विचारलं की म्हणते, "आई, तू कायले चिंता करून राहिली? खुर्ची हाय ना मले." आणि घाईने फोन ठेवते. पोरीचं खोटं आईला कळतं.

लहानपणी तिला खाली बसवणंच कठीण होतं. अमरावतीला आमच्या घरासमोरच्या मैदानात ती खो-खो खेळायला जायला लागली आणि मग घरी फक्त जेवायला यायची. आखलेल्या चौकोनात उकिडवं बसायचं आणि पाठीवर खो मिळाला की सुटायचं, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. तिच्या बाबांना वाटायचं पोरगी शिक्षिका व्हावी. ती म्हणाली, होते, पण शिट्टीवाली होते. आणि झालीही. अकोल्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका.

कॉलेजात असताना एका सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. ऑपरेशन झालं. वर्षभर ती भिंतीला पाठ लावून व्यायाम करायची, रडायची, मला शिव्या द्यायची आणि पुन्हा करायची. पुढच्या हिवाळ्यात मैदानात उतरली ती त्याच पायावर.

नितेशचं स्थळ आलं तेव्हा नातेवाइकांनी मला बजावलं, ऑपरेशनचं बोलू नका, मुलीच्या पायात खोट आहे म्हणून बोभाटा होईल. मला ते पटलं नाही. सोयरीक म्हणजे आयुष्यभराचा व्यवहार. त्यात लपवालपवी कशाला? मी जुनी फाइल घेऊन गोदाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीची जात हाय. ही गोष्ट माह्या पोटातच राहीन." मला इतकं बरं वाटलं की परतताना बसमध्ये मी डोळे पुसत होते.

आणि त्यांनी सुनेचं कौतुकही केलं, हे नाकारणार नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी त्यांनी स्वतः मोबाइलवर शूटिंग करून मला पाठवलं. त्यात प्राजक्ता आणि तिची नणंद आचल बसफुगडी खेळताहेत, गुडघे पार दुमडलेले, हसून हसून बेजार. मागून गोदाबाईंचा आवाज: "पहा विहीणबाई, तुमची पोरगी. आचल थकली, हे थकत नाही."

अपघात त्यानंतरच्या हिवाळ्यात झाला. गोदाबाईंचे भाऊ महादेवराव यांनी एक जुनी गाडी विकत घेतली होती. सगळे सेमाडोहला फिरायला गेले. परतताना गोदाबाईंना मागे पाय पसरून बसायचं होतं, म्हणून प्राजक्ता पुढे बसली. परतवाड्याच्या अलीकडे घाटातल्या वळणावर महादेवरावांनी समोरच्या जीपला ओव्हरटेक करायला घेतलं आणि गाडी कठड्यावर आदळली. बाकीच्यांना खरचटलं. प्राजक्ताचा गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर फुटला. डावाच.

दावा करायचं नितेशनेच सुचवलं. म्हणाला, मामांच्या खिशातून काही जात नाही, विमा कंपनी देते, तुझं पुढचं ऑपरेशन त्यातून होईल. कागदांवर सह्या घ्यायला तोच धावपळ करत होता. मग कळलं की महादेवरावांनी विम्याचं नूतनीकरणच केलं नव्हतं. म्हणजे भरपाई द्यावी लागली तर ती त्यांनाच. त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. नितेशचे वडील लवकर गेले, त्याला शिकवलं ते महादेवरावांनी, दुकान टाकून दिलं तेही त्यांनी. हे मला माहीत आहे. पण त्यांचे उपकार फेडायला माझ्या मुलीचा पाय का?

प्राजक्ता मात्र दावा मागे घ्यायला तयार नव्हती. तिला पळता येत नाही. शाळेत मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते. ऑपरेशन नाही झालं तर पुढच्या वर्षी नोकरी राहील का, तेही माहीत नाही. वकील संध्याताईंनी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं की जुनी दुखापत आपणच अर्जात लिहू. जुनं दुखणं होतं म्हणून दावा बुडत नाही. अपघाताने त्यात काय वाढवलं ते दाखवावं लागतं. लपवलं आणि नंतर निघालं तर मात्र आपल्या बाकीच्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. मला ते ऐकून धीर आला. आम्ही कधी लपवलंच नव्हतं.

आज संध्याकाळी संध्याताईंचा फोन आला, फाइल मी खरंच दाखवली होती का ते विचारायला. महादेवरावांच्या बाजूने दोन प्रतिज्ञापत्रं दाखल झाली आहेत. एक गोदाबाईंचं. त्यात म्हटलंय, सून लग्न होऊन आली तेव्हापासूनच लंगडत होती, तिला खाली बसता येत नव्हतं, मुलीच्या आईने स्वतः ऑपरेशनची फाइल आणून दाखवली होती. शेवटचं वाक्य खरं आहे. त्याच्याच आधाराने बाकीचं खोटं उभं केलंय.

मी विचारलं, दुसरं कुणाचं? संध्याताई म्हणाल्या, "काकू, जावईबापूंचं."

तोच मजकूर, खाली नितेशची सही.

प्राजक्ताला हे ठाऊक नाही. परवाच ती मला म्हणत होती, "आई, बुढी बोलते तं बोलू दे. नितेश माह्या बाजूनं हाय. तो कोर्टात खरं सांगीन." नवरा रोज रात्री तिच्या गुडघ्याला तेल लावतो, हेही तिने लाजत सांगितलं होतं. सही करून आल्यावरही लावलं असेल. मला त्या हातांचा विचार सहन होत नाही.

संध्याताई तिला उद्या दुपारी कोर्टात बोलावून कळवणार होत्या, अशील तीच आहे. मी म्हटलं, तिला कोर्टाच्या आवारात वकिलाकडून कळू नये, मला सांगू द्या. बसफुगडीचं शूटिंग माझ्या फोनमध्ये अजून आहे. मघाशी पुन्हा पाहिलं. आवाज गोदाबाईंचाच, तारीखही आहे. ते कोर्टात गेलं की सासू आणि नवरा दोघे खोटे ठरतील, आणि मग त्या घरात प्राजक्ताने कुठे बसायचं? खुर्चीवरही नाही आणि खालीही नाही. नाही गेलं, तर तिचा पाय आधीपासूनच निकामी होता असं कायमचं लिहिलं जाईल. भिंतीला पाठ लावून रडलेलं ते अख्खं वर्ष पुसलं जाईल.

ते शूटिंग द्यायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. पाय तिचा, घर तिचं. पण नवऱ्याने कशावर सही केली आहे ते न कळता तिने उद्या रात्री त्याच्यापुढे पाय लांब करावा, हे मला होऊ द्यायचं नाही. घरी तिचा फोन नितेशच उचलतो. सकाळी शाळेत प्रार्थना संपली की ती मैदानावर एकटी असते, खुर्चीजवळ.

तेव्हा फोन लावणार आहे. आधी सांगेन, बस, मग बोलू.