पेट्रोलचा कॉक

मी खराडीच्या आयटी कंपनीत लागलो, तेव्हा वडिलांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्यांची जुनी मोटरसायकल सदाशिव पेठेत आमच्या इमारतीखाली उभी असे. कार्बोरेटर गळका होता, म्हणून गाडी लावली की ते आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करत, मगच किल्ली काढत. हे त्यांच्याकडून कधी चुकलं नाही. गाडीही ते दुसऱ्याला चालवू देत नसत.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं बाहेर निघालो, तर गाडी सुरू होईना. त्यांना दम लागला, तेव्हा मी किका मारल्या.

"तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखी बंद करून चालू कर," ते म्हणाले.

मी प्लग काढला. तो पेट्रोलने भिजलेला होता. खाली फरशीवरही पेट्रोल सांडलं होतं. वाकून पाहिलं, तर कॉक उघडा.

"बाबा, काल कॉक उघडा राहिला का?"

"मी बंद केला होता." मग त्यांनी विचारलं, "काल मी गाडी काढली होती?"

काल ते मंडईत गेले होते. आणलेल्या मेथीची पिशवी अजून हँडललाच होती. ती त्यांनाही दिसली.

मी प्लग पुसून बसवला. काही वेळाने गाडी सुरू झाली. ते मागच्या सीटवर बसले.