टोपी सांभाळून मरणारे आजोबा

दोन हजार पाचच्या सुमारास नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या बसस्टॉपवर मला रोज एक अमेरिकन आजोबा भेटायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. तरुणपणी टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांत त्यांचं काम एकच असायचं, गोळी लागून मरायचं. डच बायको गेल्यावर इथे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. बसला उशीर झाला की ते मला मरून दाखवायचे. एक हात छातीवर, दुसरा टोपीवर, आणि धाडकन बाकावर.

"टोपी कंपनीची असायची," ते बजावायचे. "मरतानाही ती सोडायची नाही."

मी टाळ्या वाजवल्या की ते उठायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी मला बघताच ते छाती धरून कोसळले. मी टाळ्या वाजवल्या. वाजवत असतानाच त्यांची टोपी घरंगळत माझ्या बुटांपाशी आली.