कोळशाची वही

माझे बाबा रंग मिसळायचे. रंगाच्या दुकानात मागच्या बाजूला एक लांब टेबल होतं, त्याच्याशी ते तीस वर्षं उभे राहिले. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कुणी जुन्या दाराची ढलपी, एका बाईंनी तर गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण आणलं होतं. बाबा ती वस्तू दोन बोटांत धरून दारातल्या उजेडात न्यायचे, एकदाच बघायचे आणि परत येऊन डब्यात थेंब सोडायला लागायचे. दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरी आई त्यांना काय काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण घरात साप होते.

साप म्हणजे बोआ. बिनविषारी, जाडजूड, स्वभावाने माझ्यापेक्षा कितीतरी शांत. मागच्या खोलीत काचेच्या तीन पेट्या, प्रत्येकीवर ऊब देणारा दिवा, आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर. आईने संसारात पुष्कळ सोसलं, पण त्या कप्प्यापुढे तिने हात टेकले आणि स्वतःसाठी दुसरा, छोटा फ्रीज आणला. मला सापांची भीती नव्हती आणि लळाही नव्हता. मी बुटांच्या दुकानात काम करते. दिवसभर चामडं हाताळून घरी आल्यावर पुन्हा खवले बघायची हौस कुणाला असणार?

रंगांच्या माणसाला हे वेड का लागलं ते मला फार उशिरा कळलं. भिंतीवरचा रंग एकदा वाळला की विषय संपला. बोआचं तसं नसतं. तोच साप दिवसा गडद तर रात्री फिका दिसतो, कात टाकली की उजळतो. एखाद्या पिल्लात लाल रंग जन्मतःच नसतो, ते राखेसारखं करडं निपजतं. आणि एक प्रकार सगळ्यांत नवलाचा. पिल्लू जन्मताना चारचौघांसारखं तपकिरी, शेपटीवर विटकरी लाल पट्टे. मग दर कातीला ते थोडं थोडं काळं पडत जातं, आणि तीन-चार वर्षांत सगळा साप काळाभोर होतो. शेपटीतला लाल औषधालाही उरत नाही. बाबांना असा एक साप हवा होता. आयुष्यात दुसरं काही त्यांनी स्वतःसाठी मागितल्याचं मला आठवत नाही.

सापांची पैदास करणारे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडच्या काळ्या नराला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. "यातली निम्मी काळी पडतील, निम्मी जन्मभर अशीच राहतील," ते म्हणाले. "कोणती कुठली, हे आज ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. उचला एक." बाबांनी एक उचललं आणि घरी आणून त्याचं नाव ठेवलं कोळसा. दिसायला खारकेसारखा आणि नाव कोळसा! आई आठवडाभर हसत होती.

त्याच दिवशी बाबांनी एक वही सुरू केली. दुकानात त्यांचा नियम होता, तयार झालेला रंग दोन माणसांनी दारातल्या उजेडात बघायचा आणि दोघांनी कार्डावर सही करायची. एकट्याचा डोळा फसतो, असं ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावत. तोच नियम त्यांनी कोळशाला लावला. कितवी कात, तारीख, पाठीचा रंग, शेपटीतला लाल, आणि शेवटी दोन सह्या. एक त्यांची, दुसरी माझी.

पहिल्या काही कातींना बाबा लिहायचे, "फरक नाही," आणि मी सही ठोकून मोकळी व्हायचे. पाचव्या कातीला त्यांनी मला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. "बघ. लाल कमी झालाय ना?" मी बघितलं. मला तर शेपूट होतं तसंच दिसलं, आणि मी तसं सांगितलं. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी वहीत लिहिलं, "लाल किंचित कमी," आणि माझ्यापुढे पेन धरलं. मला कामाला जायला उशीर होत होता. मी सही केली.

त्याच सुमारास दुकानात कटकटी सुरू झाल्या. गिऱ्हाइकं डबे परत आणू लागली. गुलाबी मागितला तर भडक आला, विटकरी मागितला तर रक्तासारखा आला. कार्डावर दुसरी सही करणारी पोरं मास्तरांपुढे काय बोलणार? मालकांनी विचारलं तर बाबा उखडायचे. "लाल रंगात हल्ली दमच नसतो. कारखानेवाले भेसळ करतात, मी काय करू?" घरी ते आईला म्हणाले, "अगं, तुझं ते लाल पोलकं पार विटलंय, टाकून दे." आईने ते तीन आठवड्यांपूर्वी घेतलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मालकांनी त्यांना मिसळायच्या टेबलावरून काढलं आणि गोदामात डबे मोजायला बसवलं. बाबांनी घरी त्याचा ब्रसुद्धा काढला नाही. मला ते दुकानातल्या एका पोरीकडून कळलं. त्या संध्याकाळी कोळशाने आठवी कात टाकली होती. बाबा त्याला दोन्ही हातांवर घेऊन खिडकीशी उभे होते. "पाठ काळवंडली. लाल निम्मा गेला. तूच सांग, गेला की नाही?"

साप तपकिरी होता. शेपूट लालभडक होतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "चांगलाच काळा पडलाय."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला माझ्या खोटेपणाचं कौतुकच वाटलं. टेबल गेलं, निदान एवढं तरी राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. मग प्रत्येक कातीला मी तेच केलं. बाबा हाक मारत, मी दारातूनच बघितल्यासारखं करी, वेळ मारून नेई आणि सही करी. चौदाव्या कातीला त्यांनी लिहिलं, "पूर्ण काळा. लाल नाही." अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं. त्याच्याखाली माझी सही आहे, ठसठशीत.

बाबांनी मोठ्या अभिमानाने त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावणं धाडलं. ते कोळशाच्या भावंडाला पिशवीत घालून घेऊन आले. ते खरंच काळं निघालं होतं. दारात भर उजेडात पांढरी चादर अंथरली आणि दोन्ही साप शेजारी शेजारी ठेवले. एक काळा कुळकुळीत, दुसरा तपकिरी. लहान मुलानेही बोट दाखवून सांगितलं असतं.

बाबा गुडघ्यांवर वाकले. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "तुमचा जरा पुढे आहे," ते म्हणाले. "एखाद्या कातीचा फरक."

म्हातारे गृहस्थ खो खो हसले. त्यांना वाटलं, मास्तर चेष्टा करताहेत. मग ते हसायचे थांबले. बाबा वाकलेलेच होते, आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती.

"काय गं?"

"बाबा, कोळसा तपकिरी आहे. पहिल्यापासून. शेपूट लाल आहे."

ते हळूच उठले. दोन्ही साप उचलले, जो तो आपापल्या जागी ठेवला, हात धुतले. रागावले असते तर मी रडून तरी घेतलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथून यंत्रात झोपवून डोक्याची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे एक गाठ होती. साधी, जीवघेणी नव्हे, पण ती वर्षानुवर्षं नसांवर दाबून बसली होती. "अशा दाबात पुष्कळदा आधी लाल रंग विटका दिसायला लागतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कधीपासून जाणवलं?"

बाबांनी पिशवीतून वही काढली. ती त्यांनी बरोबर घेतली आहे याचा मला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाई एकेक पान वाचत गेल्या. लाल किंचित कमी. लाल निम्मा गेला. पाठ काळी. लाल नाही.

"ही सापाची वही आहे?"

"सापाची म्हणूनच लिहिली होती," बाबा म्हणाले.

"इतकं नेमकं कुणीच लिहून ठेवत नाही हो." त्यांनी आठव्या कातीवर बोट ठेवलं. "इथे जरी आला असतात, तरी बरीचशी नजर वाचली असती. आता गाठ काढू, उरलं आहे तेवढं राखायला बघू. गेलेलं परत यायचं नाही." मग त्यांचं बोट त्याच ओळीवरून पुढे सरकलं. "ही दुसरी सही कुणाची?"

"माझ्या मुलीची," बाबा म्हणाले. "मीच तिला करायला लावायचो. तिला रंगांतलं काही कळत नाही, डॉक्टर."

"मला कळत होतं, बाबा."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि ऑपरेशन कधी करायचं ते विचारू लागले.