दोन याद्या आणि म्हात्रे सिस्टर

केसपेपर काढायला आलेल्या बाईला म्हात्रे सिस्टर आधी "काय होतंय?" असं कधी विचारतच नसत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांचा पहिला प्रश्न, "माहेरची कोन गो तू? आनि सासरी काय नाव ठेवला?" नागाव आणि काशीदच्या मधल्या आमच्या छोट्या आरोग्य केंद्रात मी संगणकावर नोंदी करायला लागले, तेव्हा मला ही नुसती चौकशीची हौस वाटली होती.

माझा तोरा वेगळाच. गरोदर बायांची यादी एका तक्त्यात, जिल्हाभरातल्या रक्ततपासणीचे निकाल दुसऱ्यात. इकडे नाव टाकलं की तिकडचा रक्तगट आपोआप समोर यायचा. सिस्टर मान हलवायच्या. "नावावर इसवास ठेवू नको. आमच्यात लगनात पोरीचा नाव बदलतान. पोर तीच ऱ्हाते." तीस वर्षं वही सांभाळणाऱ्या बाईला यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं. गेल्या वर्षी त्या वारल्या, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

एका दुपारी एक आई लेकीला धरून आत आली. पहिलं बाळंतपण म्हणून मुलगी माणगावहून माहेरी आलेली, तपासणीचं कार्ड सासरीच राहिलेलं. रक्त जायला लागलं होतं. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवायचं होतं. तिथे रक्त पुन्हा तपासतातच, पण दुर्मीळ गट असेल तर पिशवी शोधण्यात वेळ जातो, म्हणून आधी कळवायला हवं होतं.

"नाव वैशाली," आई म्हणाली. मी शोधलं. एक वैशाली सापडली, बी पॉझिटिव्ह. मी फोन उचलला.

सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या मुलीकडे वाकल्या. "बाय, सासरी तुला काय बोलतान?"

"स्वरा," ती कण्हत म्हणाली. आईच्या तोंडात ते नाव बसलंच नव्हतं. तिच्या लेखी लेक वैशालीच. माणगावच्या यादीत स्वरा होती, नवऱ्याच्या नावासकट. ओ निगेटिव्ह. रुग्णवाहिका निघायच्या आत सिस्टरनी तीन ठिकाणी फोन लावून पिशवी मिळवली. संध्याकाळी निरोप आला, मुलगा झाला, बाळंतीण बरी आहे.

"सिस्टर, आज माझ्या हातून जीव गेला असता," मी म्हटलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "माजी भैन अशीच गेली गो. कागद शोधता शोधता सांज झाली."

दुसऱ्या दिवशी मी नवा तक्ता केला. प्रत्येक बाईला एक क्रमांक आणि त्याच्यापुढे तिची सगळी नावं. पहिली ओळ कोणाची, असं मी सिस्टरना विचारलं. त्यांनी बहिणीची दोन्ही नावं सांगितली, सुलोचना आणि रेवती. मी लिहिली. रक्तगट विचारायला माझी जीभ रेटेना.

"एबी निगेटिव्ह," त्याच म्हणाल्या. "कागद मागून सापडला. सासरच्या नावावर होता."