मामाच्या नावाचा डबा

गिटारच्या चांगल्या आवाजाची वाट लावायला माणूस एवढी मेहनत का घेतो, हे आईला मी अजून समजावू शकलेलो नाही. डिस्टॉर्शन पेडल म्हणजे नेमकं तेच. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायचं एक यंत्र. पायानं बटण दाबलं की आवाज फाटतो, गुरगुरतो. पुन्हा दाबलं की सुधारतो. बाजारात तयार मिळतं. पण मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि घरी बनवता येणारी वस्तू विकत आणणं मला माझ्या विषयाचा अपमान वाटतो.

सर्किट जमलं. व्हिडिओ बघत, बोटं भाजून घेत, टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या "सरजी, ये बनाने का है कि बिगाड़ने का?" या प्रश्नाकडे दुर्लक्ष करत जमलं. अडलं ते डब्यापाशी. प्लास्टिकच्या डब्यात ते सारखं घूं घूं करायचं. धातूचाच डबा हवा. तिकडे मलाजखंडला तांब्यासाठी अख्खा डोंगर पोखरलाय, पण बालाघाटच्या बाजारात माझ्या मापाची एक धातूची डबी मिळेना. शेवटी स्वयंपाकघराकडे नजर गेली. फळीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा होता. पसरट, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा.

आई लांजीला एका लग्नाला गेली होती. मी ग्रिलवाल्याकडून झाकणाला भोकं पाडून आणली आणि सर्किट आत बसवलं. झाकणावर काहीतरी कोरलेलं दिसलं होतं, नाही असं नाही. पण आमच्या घरात प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. ती कोण वाचत बसतो?

आई परतली, डबा पाहिला आणि काहीच बोलली नाही. पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवू लागली. तिचं न बोलणं तेव्हा माझ्या पथ्यावरच पडलं, कारण माझं सगळं लक्ष भीमजयंतीकडे होतं. कटंगीचा मामा, आईचा थोरला भाऊ, दरवर्षी आमच्या वॉर्डातल्या विहारापुढे भीमगीतं गातो. हार्मोनियम, ढोलक आणि त्याचा खडा आवाज. गिटारला तो टुनटुना म्हणतो. फार मिनतवाऱ्या केल्यावर त्यानं एका गाण्यात, दोन कडव्यांच्या मध्ये, मला एकट्याला वाजवायची जागा दिली होती. ती जागा मला वेड्यासारखी हवी होती. वॉर्डात सगळे मला सर म्हणतात; एकदा तरी कुणी कलाकार म्हणावं, एवढीच इच्छा होती.

जयंतीच्या संध्याकाळी मी स्टेजवर पेडलवर पाय ठेवून आवाज तपासत होतो, तेवढ्यात मामा आला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, मग भाचा कितीही नालायक असो. रीतीप्रमाणे मामा वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

"हे माहं नाव हाय काय बे?"

होतं. माझ्या अंगठ्याखाली, बारीक ठिपक्यांनी कोरलेलं, 'बहिणीस सप्रेम भेट'सकट.

"मी याच्या पाया पडून राह्यलो," मामा स्टेजखाली उभ्या आईकडे वळून ओरडला, "अन् हा माह्या नावावर पाय देऊन उभा हाय! नाही वाजवाचं. उतर खाली!"

समोरचे लोक हसले. घाबरून मी म्हणालो, "मामा, कानस आणतो, आत्ताच घासून टाकतो नाव."

आता आई उसळली. "घासून तं पाह्य! माह्या आंदणातला हा एवढाच डबा उरला. भोकं पाडले, मी काही म्हटलं काय? पन नाव नाही घासाचं."

आईनं वर चढून डबा उचलला, पदरानं पुसला आणि तो मांडीवर घेऊन स्टेजवरच बसली. "पाय नाही लावाचा ना? मंग मी हातानं दाबतो. तू मान हालव."

बहिणीला नाही म्हणायची मामाची हिंमत झाली नाही.

माझी जागा आली. मी मान हलवली, आईनं बटण दाबलं, आणि डबा असा गुरगुरला की चटईवरची पोरं उठून उभी राहिली. मी वाजवलं, खरंच चांगलं वाजवलं. मग बंद कर म्हणून मान हलवली. आईचं लक्षच नव्हतं. समोर तिच्या ओळखीच्या सगळ्या बाया बसल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. मामानं पुढचं कडवं त्या गुरगुरीवरच सुरू केलं आणि आवाज चढवला. आई मनाला येईल तेव्हा दाबायची, मनाला येईल तेव्हा बंद करायची. माझी मान दुखून आली. भावाच्या कार्यक्रमात इतकी वर्षं तिनं खाली उभं राहून चहा वाटला होता. आज पहिल्यांदाच वर बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. मला तिचा राग येत होता, आणि तिचा चेहरा पाहून भरूनही येत होतं.

कार्यक्रम संपल्यावर बायांनी गराडा घातला तो तिला. मी गिटार गळ्यात तशीच ठेवून शेजारी उभा राहिलो, निदान एखादी तरी काही म्हणेल म्हणून. एकीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलंही, "हा तुहा पोरगा काय वाजवते वं?"

"तो नुसत्या तारा छेडते," आई म्हणाली. "आवाज मी काढतो."