नोटीस लागली आणि काका रुसले

डब्लिनमध्ये लग्न उरकणं सोपं होतं. पण मला सही करायची होती ती वसईत, आईबाबांसमोर. म्हणून मी आणि शॉन, माझा होणारा आयरिश नवरा, या फंदात पडलो.

जोडीदार परदेशी, म्हणजे विशेष विवाह कायदा. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस मुक्काम हवा. त्यामुळे मी आधीच येऊन एव्हरशाईन सिटीत आईबाबांकडे ठाण मांडलं. मग नोटिशीवर सही करायला शॉन आला, पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला आणि तो अविवाहित असल्याचं दूतावासाचं पत्र घेऊन. हे पत्र फार रेंगाळतं, त्याच्या मागे आधीच लागा. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवसांत आक्षेप आला नाही की लग्न. आम्ही निवांत किल्ला पाहिला, आगाशीचं भुजिंग, म्हणजे पोहे घातलेलं भाजकं चिकन, चापलं.

शेवटच्या आठवड्यात बाबांचा चेहरा उतरला. त्यांचे थोरले भाऊ, राजोडीजवळ वाडीत राहणारे भाईकाका, आक्षेप नोंदवायला निघाले होते! गावातल्या कुणीतरी फलकावर आमचं आडनाव वाचून बातमी त्यांच्या ओट्यावर पोचवली होती. आक्षेप टिकला नसता, पण चौकशीत दिवस गेले असते आणि शॉनची सुट्टी संपत आली होती.

"पण मी फॅमिली ग्रुपवर कार्ड टाकलं होतं!"

"भाईंना मोबाईलवरचं आवतण चालतं का?" आईने कपाळावर हात मारला. थोरल्यांना दारात जाऊन, नारळ-सुपारी देऊन बोलवायचं, हे मी साफ विसरले होते.

तडक रिक्षा केली. नालासोपाऱ्याच्या पुलावर फार वेळ जातो, तुम्ही सकाळीच निघा. काका झोपाळ्यावर बसले होते.

"कागद भिंतीवर लागला, आन आमाला आवतन नाय?"

शॉनने वाकून नमस्कार केला, त्यांच्या हातात नारळ ठेवला आणि रिक्षात घोकलेलं वाक्य म्हणाला, "काका, लग्नाला नक्की या."

काकांनी नारळ मांडीवर ठेवला. मग आत वळून ओरडले, "अगो, चाय टाक. जावय आलाय."

साक्षीदार तीन लागतात. दोन माझ्या मैत्रिणी, तिसरे काका, लग्नाच्या दिवशी आधार कार्ड खिशात घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. विवाह अधिकारी बाईंनी हसत विचारलं, "कुणाचा काही आक्षेप?"

काका उठले. बाबांनी डोळेच मिटले.

"हाय. जेवन हॉटेलात ठेवलंय. ते वाडीत व्हायला पायजे."

जेवण वाडीतच झालं, केळीच्या पानांवर.

डब्लिनला परतल्यावर दाखला कपाटात ठेवला. इथल्या लोकांसाठी छोटी पार्टी ठरली, म्हणून मी आमंत्रणाचा ईमेल लिहायला बसले. शॉन कोट चढवून निघाला, हातात पिशवी.

"कुठे?"

"शेजारच्या आजींकडे. मोबाईलवरचं चालत नाही ना?"

पिशवीत नारळ होता. मला रडूच आलं.